‘फ्रेंच? स्कोअरिंग असतं ना!’

हेडफोन लावले असतील, बस नाहीतर लोकल मिळाली असेल, तर सुरू करूया.

गेल्या महिनाभरात मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आलाय. ‘ताई, फ्रेंचमध्ये एम.ए. करू का?’ ‘फ्रेंच करून पुढे काय?’ एका मुलीनं तर सरळ विचारलंय, ‘घरच्यांना काय सांगू?’ या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं बरं का. मी घरी सांगितलं तेव्हा आमचे आप्पा बागेत छाटणी करत होते. आम्ही तासगावचे, द्राक्षं आणि बेदाणा हेच आमचं जग. आप्पांनी कात्री थांबवली आणि विचारलं, ‘त्यात काय पिकतं?’ आणि काका म्हणाले, ‘अरे, फ्रान्स म्हणजे वाईन! पोरगी वायनरी काढणार!’ पुढची दोन वर्षं घरात मी ‘वायनरी’ होते.

तर आज मी काय शिकले ते सांगते. ‘करू का’चं उत्तर त्यातून मिळतंय का, ते तुम्हीच बघा.

मी पुण्यात आले बी.कॉम.साठी. मराठी माध्यम. हॉस्टेलच्या रूममेटनं अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलं होतं. का घेतलंस विचारलं तर म्हणाली, ‘स्कोअरिंग असतं ना!’ आपल्याकडे फ्रेंचची ओळख बहुतेकांना अशीच होते. मार्क वाढवणारा विषय. शंभरपैकी पंच्याण्णव मिळतात, बारावी संपते, आणि ‘माझं नाव अमुक, मला एक भाऊ आहे’ याच्या पुढची भाषा उन्हाळ्याच्या सुट्टीत उडून जाते. मी संध्याकाळचा सर्टिफिकेट कोर्स लावला तो मात्र निव्वळ हौसेनं. पुण्यात ही एक सोय आहे. विद्यापीठाचा सर्टिफिकेट, मग डिप्लोमा, अशा पायऱ्या चढत तुम्ही दुसरी पदवी करता करता भाषा शिकू शकता.

वर्गात पहिल्या दिवशी मी तोंडच उघडलं नाही. आजूबाजूला सगळी इंग्लिश मीडियमची मुलं. माझं इंग्लिशही सांगलीचं. ‘टेबल’ला फ्रेंचमध्ये काय म्हणतात, तर लिहायचं इंग्रजीसारखंच आणि म्हणायचं ‘ताब्ल’. सगळे म्हणत होते ‘टाब्ल’. माझी पाळी आली, मी म्हणाले ‘ताब्ल’. बाई थांबल्या. म्हणाल्या, ‘परत म्हण.’ मला वाटलं, झालं, गावठी उच्चार सापडला. तर त्या वर्गाला म्हणाल्या, ‘हिचं ऐका.’

कारण फ्रेंचमधला ‘त’ हा आपला ‘त’ आहे! दातांना जीभ लावून म्हणायचा, हवा न सोडता. इंग्रजीतून आलेली मुलं तिथं ‘ट’ म्हणतात आणि महिनोन् महिने अडकतात. ‘द’चंही तेच. अनुनासिकाचंही थोडं तसंच. ज्याच्या कानावर लहानपणापासून नाकातले स्वर पडलेत, त्याला ‘बाँ’ आणि ‘बो’ यातला फरक लवकर कळतो. शिवाय तू आणि तुम्ही! फ्रेंचमध्ये ‘त्यु’ आणि ‘वू’. कुणाला ‘त्यु’ म्हणायचं आणि कुणाला ‘वू’, हे इंग्रजीतून शिकवायला पानंच्या पानं लागतात. आपल्याला काय सांगायचं त्यात? सासूला ‘तू’ म्हणून बघा म्हणजे कळेल.

लिंगाची मात्र बोंब आहे, ते लपवत नाही. आपला चंद्र ‘तो’, त्यांचा चंद्र ‘ती’. आपल्याकडे तीन लिंगं, त्यांच्याकडे दोन, म्हणजे आपलं ‘ते’ टेबल तिकडे गेलं की ‘ती’ होतं. हे पाठच करावं लागतं, त्याला इलाज नाही.

आणि आकडे. यावर रील्स बघितली असतील तुम्ही. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे ‘साठ-दहा’, ऐंशी म्हणजे ‘चार-वीस’, नव्वद म्हणजे ‘चार-वीस-दहा’. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधले फ्रेंच बोलणारे सत्तर आणि नव्वदला सरळ वेगळे शब्द वापरतात, फ्रान्सनं मात्र हट्ट सोडलेला नाही. आमच्या वर्गात यावर हशा झाला, आणि मी सुट्टीत घरी गेल्यावर आजीला हा विनोद म्हणून सांगितला. आजी हसलीच नाही. म्हणाली, ‘आगं, त्यात काय येवढं? आमी बी तसंच मोजायचो. चार विसा नि दहा.’

मी गप्प. आजी शाळेत गेली नव्हती. कोंबडीची अंडी, बाजाराचे पैसे, सगळं ती विसांत मोजायची. साठ म्हणजे तीन विसा, शंभर म्हणजे पाच विसा. आम्ही भावंडं लहानपणी तिला यावरून चिडवायचो. आणि इथे पॅरिसचा सुटाबुटातला बँकवाला अगदी माझ्या आजीसारखा मोजत होता, फक्त त्याला कुणी अडाणी म्हणत नव्हतं. हे डोक्यात कुठंतरी अडकून राहिलं.

आता थोडं कामाचं बोलू, कारण मेसेजमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ याचाच असतो. डेल्फ-डाल्फ आणि विद्यापीठाची पदवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेल्फ म्हणजे फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाचं प्रमाणपत्र. ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चार पातळ्या, त्यावर डाल्फच्या सी-वन आणि सी-टू. डेल्फला ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ मार्क. पास व्हायला एकूण ५० लागतात, पण कुठल्याही एका भागात ५ च्या खाली गेलात तर नापास. प्रमाणपत्र कायमचं, त्याची मुदत संपत नाही. तिथं तुम्हाला भाषा किती येते एवढंच मोजतात. विद्यापीठात एम.ए.ला जे होतं ते दुसरंच काहीतरी आहे. पुण्याशिवाय मुंबई, गोवा, पाँडिचेरी, हैदराबादचं इफ्लू, दिल्लीचं जेएनयू इथेही ते करता येतं. तिथं साहित्य येतं, इतिहास येतो, भाषाशास्त्र येतं, अनुवाद येतो, आणि येते ती ‘दिसेर्तास्याँ’.

दिसेर्तास्याँ म्हणजे निबंध म्हणू नका. आधी एक बाजू मांडायची, मग तिच्या विरुद्ध बाजू तितक्याच प्रामाणिकपणे मांडायची, आणि मग दोन्हींच्या पलीकडे जायचं. फ्रान्समध्ये शाळा सोडताना मुलं तत्त्वज्ञानाच्या पेपरात चार तास बसून हेच लिहितात. आमच्या एका सरांनी पहिली दिसेर्तास्याँ फ्रेंच पद्धतीनं, वीसपैकी तपासली. मला सहा. सहा! मी बी.कॉम.ला फर्स्ट क्लास. सरांनी खाली एकच शेरा लिहिला होता. भाषा ठीक आहे, पण यात तू कुठं आहेस? मी पुस्तकातली मतं छान रचून दिली होती. लहानपणापासून तेच तर केलं होतं.

त्याच वर्षी आम्हाला काम्यूची ‘लेत्राँजे’ होती, १९४२ ची कादंबरी. अल्जेरियातल्या समुद्रकिनाऱ्यावर नायक मर्सो एका अरब माणसाला गोळ्या घालतो. आम्ही सगळ्यांनी मर्सोवर पानं भरली. त्याचं एकटेपण, ते ऊन, जगण्याचा निरर्थकपणा. सरांनी वर्गात विचारलं, ‘मेलेल्या माणसाचं नाव काय?’ आम्ही पानं चाळायला लागलो. नाव नाहीच! अख्ख्या पुस्तकात त्याला नाव नाही. मग सरांनी कामेल दाऊद या अल्जेरियन लेखकाची कादंबरी वाचायला दिली, २०१३ ची. ती त्या मेलेल्या माणसाचा भाऊ सांगतो, आणि तो पहिल्यांदा त्याला नाव देतो, मूसा. तीही फ्रेंचमध्येच लिहिलीये. ज्यांनी राज्य केलं त्यांच्याच भाषेत.

त्या दिवसापासून ‘फ्रेंच कल्चर’ म्हणजे आयफेल टॉवर आणि चीज हे माझ्या डोक्यातून गेलं. फ्रेंच बोलणारे जगात ३२ कोटींच्या आसपास आहेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त आफ्रिकेत राहतात. सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेंगोर फ्रेंचमधले मोठे कवी, १९८३ मध्ये आकादेमी फ्राँसेजवर निवडून गेलेले पहिले आफ्रिकन. लांब कशाला, मॉरिशसला गेलेली आपली कोकणातली माणसं बघा. मजूर म्हणून गेली, आज त्यांच्या घरात क्रेओल आहे, पेपर फ्रेंच आहे आणि गणपती आहे. तिथं गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

एवढं सगळं शिकून मी हुशार झाले होते असं मला वाटत होतं. मग ती मुलाखत आली.

फ्रान्समध्ये एक योजना आहे. तिथल्या शाळांमध्ये इंग्रजीच्या शिक्षकांना मदत करायला परदेशातून असिस्टंट घेतात. भारतातून फ्रेंच शिकणारी मुलंही जातात. ऑक्टोबर ते एप्रिल, आठवड्याला १२ तास काम, महिन्याला राहण्याखाण्यापुरते पैसे. मी अर्ज केला. मुलाखतीला समोर एक फ्रेंच बाई. विचारलं, ‘तिथल्या मुलांना तुझ्या भागाबद्दल काय सांगशील?’ मी तयार होते. दिवाळी! पणत्या, फराळ, प्रकाशाचा सण. पाठ होतं. बाईंनी ऐकून घेतलं. मग कागदावर बघून म्हणाल्या, ‘तुम्ही सांगली जिल्ह्यातल्या. म्हणजे पंढरपूरच्या बाजूच्या. वारीबद्दल सांगा ना.’

आता ऐका. माझी आजी माळकरी. मी सात-आठ वर्षांची असताना तिच्याबरोबर दिंडीत चाललेय, तिच्या पिशवीतला भाकरी-ठेचा खाल्लाय. आणि मी त्या बाईंना काय सांगितलं असेल? ‘हा एक सण आहे. लोक चालतात.’ बस. पुढं शब्द येईना. फ्रेंच येत नव्हतं म्हणून नाही हो. मला मराठीतही सांगता आलं नसतं. का चालतात? देव उभा का आहे? सगळे एकमेकांच्या पाया का पडतात? मी कधी विचारच केला नव्हता. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘तुम्ही देलरी वाचलाय का?’ मी नाही म्हणाले. निवड झाली नाही.

परत येताना बसमध्ये रडले. निवड झाली नाही म्हणून थोडं, पण जास्त त्या प्रश्नामुळे. माझ्या आजीच्या देवाबद्दल एक परदेशी बाई मला पुस्तक सुचवते आणि मला ते नावही माहीत नसतं.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेले. गी देलरी, फ्रेंच जेझुइट. १९५६ मध्ये तुकारामांच्या निवडक अभंगांचा फ्रेंच अनुवाद पॅरिसमध्ये प्रसिद्ध केला, आणि १९६० मध्ये विठोबाच्या उपासनेवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं, ते आपल्या डेक्कन कॉलेजनंच छापलेलं. मग एकातून एक निघत गेलं. ज्यूल ब्लॉक नावाच्या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाचं मराठी भाषा कशी घडली यावरचं जाडजूड पुस्तक, १९२० चं. ते वाचल्यावर मी माझ्या तोंडाकडे लक्ष द्यायला लागले. करून बघा आत्ता, बसमध्ये कुणी बघत नसेल तर. ‘माझा’ म्हणा. आता ‘माझी’ म्हणा. झ बदलला ना? ‘चमचा’ आणि ‘चमचे’. अक्षर तेच, जीभ वेगळी. बावीस वर्षं मराठी बोलत होते, कधी कळलं नव्हतं.

आणि मग सापडले गी प्वातवँ. हेही फ्रेंच. १९७० च्या दशकात पुण्यात आले, इथलेच झाले, भारताचं नागरिकत्व घेतलं. हेमा राईरकर यांच्याबरोबर त्यांनी मावळ, मुळशीपासून गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त! आज त्या ‘परी’ या वेबसाइटवर ऐकायला मिळतात, मोबाईलवर, फुकट. मी रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर ऐकत बसले. मुळशीच्या एका बाईचा आवाज, मागे जात्याची घरघर. हे मी ऐकलं होतं. आमच्या घरात. पहाटे.

त्या सुट्टीत मी आजीसमोर मोबाईल ठेवला. ती म्हणाली, ‘आता कशाला त्ये? जातं तर कवाच फेकलं.’ खरं होतं, जातं गोठ्यात पाण्याच्या पिंपाखाली होतं. आप्पांनी आणि भावानं ते ओढून बाहेर काढलं. आजीला बसून हात लावल्याशिवाय ओवी आठवेना, आणि दोन फेरे झाल्यावर थांबेना. चार दिवसांत ६३ ओव्या झाल्या. आजीच्या भाषेत तीन विसा नि तीन. तिच्या बोलीतले काही शब्द मला कळले नाहीत, आईलाही कळले नाहीत. ते मी विचारून लिहून घेतले.

पुढच्या वर्षी परत मुलाखत दिली. निवड झाली. लिमोजच्या जवळच्या एका छोट्या गावात सात महिने काढले. तिकडचं एकच सांगते, कारण वेळ होत आलाय. दुकानात शिरताना आधी ‘बाँजूर’ म्हणायचं. मी पहिला आठवडा सरळ ‘ब्रेड द्या’ म्हणायचे आणि मला वाटायचं, बाई माझ्या रंगामुळे तुसडेपणानं वागतायत. बाँजूर म्हटलं आणि त्याच बाई माझ्याशी पावसापाण्याचं बोलायला लागल्या. सगळं काही एवढ्यानं सुटत नाही, रंगाचे अनुभवही आले, पण हे मात्र माझं चुकत होतं.

मी जिच्याकडे भाड्यानं राहत होते ती म्हातारी ऐंशीच्या पुढची. म्हणजे चार विसांच्या पुढची. मी तिला आजीची रेकॉर्डिंग ऐकवली. अर्थ विचारला नाही तिनं. बराच वेळ ऐकलं आणि म्हणाली, ‘माझी आजी फ्रेंच बोलायची नाही.’ मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. फ्रान्सच्या मधोमध राहणारी बाई फ्रेंच बोलत नव्हती? तर त्या भागाची भाषा ऑक्सिताँ. लोक तिला ‘पात्वा’ म्हणतात, म्हणजे आपण ‘गावठी’ म्हणतो तसं. हे मी एम.ए.ला वाचलं होतं. राज्यक्रांतीनंतर, १७९४ मध्ये, आबे ग्रेग्वार यांनी अहवालच मांडला होता की देशातल्या बोली संपवून सगळीकडे फ्रेंच न्या. पुढे सक्तीच्या शाळा आल्या, आणि काही ठिकाणी घरची भाषा बोललेल्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे. पेपरात यावर मी आठ मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. म्हातारीला आजीचे दहा-बारा शब्द आठवत होते. त्यातले दोन कोंबड्यांना हाकायचे.

त्या रात्री मी घरी फोन केला आणि आजीला सांगितलं, इथंबी एकीची आजी तुझ्यासारखीच होती. आजीनं विचारलं, ‘तिनं कुणाला शिकवलं न्हाई व्हय?’

असो. आता पैशाचं, नाहीतर तुम्ही म्हणाल ताईनं गोलमाल उत्तर दिलं. पहिली नोकरी मला पुण्यात एका कंपनीत लागली, फ्रेंच ग्राहकांच्या विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं वाचायची. पगार बी.कॉम.वाल्या मैत्रिणींपेक्षा जास्त होता. काम कंटाळवाणं. आता मी दुभाषाचं काम करते, शाळेत शिकवते, आणि अनुवाद करते. अनुवादात मशीनमुळे फार बदललंय. आधी पूर्ण मजकूर यायचा, आता मशीननं केलेला येतो आणि तो दुरुस्त करायचा, पैसेही त्याच हिशेबानं कमी. मशीनची वापरपत्रिका अनुवादून घर चालवेन असं मनात असेल, तर तो रस्ता अरुंद होत चाललाय. शिकवणं आणि समोरासमोरचं दुभाषाचं काम अजून टिकून आहे. आणि नुसत्या ए-टूवर कुणी विचारत नाही, बी-टू तरी हवंच. घरच्यांना हेच सांगा, जसं आहे तसं.

आप्पांना आता उत्तर मिळालंय का, माहीत नाही. पण गेल्या वर्षी बेदाण्याच्या व्यापाऱ्याकडे पाहुणे आले होते, तर तिथं आप्पा म्हणाले, ‘आमची पोरगी आजीच्या ओव्या फ्रेंचात करती.’

करते मी. ६३ पैकी ४१ झाल्यात. आजी गेल्या पावसाळ्यात गेली, त्यामुळे आता विचारायला कुणी नाही. एका शब्दावर सगळं काम अडलंय, माहेर. ‘मेझाँ नाताल’ लिहिलं तर जन्म झाला ते घर होतं, त्यावर पाटी लावतात तसं वाटतं. ‘शे मे पाराँ’ म्हणजे आईवडिलांकडे, तर फ्रेंच मुलगी तिथं दर शुक्रवारी बॅग घेऊन जाते. तिला कुणी पाठवणी करत नाही की न्यायला मुराळी येत नाही. मराठी शब्द तसाच ठेवला तर वाचणाऱ्याला खालची टीप वाचावी लागते, आणि जात्यावर बसलेली बाई काही टीप देत नाही.

तुमच्यापैकी कुणी फ्रेंच शिकत असेल आणि काही सुचलं, तर व्हॉईस नोट पाठवा. चुकीचं असलं तरी चालेल. भेटू पुढच्या भागात. आ ब्याँतो!